नवी गाडी, वॉरंटी आणि बाहेरची कामं: कशाला हात लावावा, कशाला लावू नये

"बाहेरून काही बसवलंत तर वॉरंटी व्हॉइड होईल, सर." शोरूममध्ये डिलिव्हरीच्या आधी हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. गंमत अशी की ते ऐकवणाऱ्याच्या पाठीमागेच ॲक्सेसरीजचा काउंटर असतो आणि तिथला मुलगा कुणाच्या तरी कोऱ्या गाडीची मूळ वायर सोलून फॉग लॅम्प जोडत असतो. म्हणजे वायर कापण्याचं वावडं कुणालाच नाही. ती कुणाच्या काउंटरवर कापली जाते एवढाच मुद्दा.

वॉरंटी एका फटक्यात सगळीच्या सगळी जात नाही. ती भागाभागाने असते आणि भागाभागानेच नाकारली जाते. बाहेरून सीट कव्हर घातलंत म्हणून कंपनी गिअरबॉक्सचं काम नाकारू शकत नाही. पण हेडलाइटच्या वायरिंगला हात लावलात आणि सहा महिन्यांनी इलेक्ट्रिकलची तक्रार घेऊन गेलात, तर सर्व्हिस ॲडव्हायझर आधी तो जोड शोधणार. म्हणून कुठलंही काम करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारायचे: कोणत्या भागाला हात लागतोय, ते उद्या काढून गाडी होती तशी करता येईल का, आणि पक्कं बिल मिळणार आहे का. पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवतीच आहे. उदाहरण म्हणून मी स्विफ्टसारखी छोटी पेट्रोल हॅचबॅक आणि तिचं खालचं व्हेरियंट धरलंय, कारण 'खालचं व्हेरियंट घेऊ, बाकी बाहेरून करू' हा हिशोब आपल्याकडे घरोघरी होतो.

पायरी १: वॉरंटीची पुस्तिका बुकिंगच्या वेळीच मागा

बहुतेक लोक ती ग्लोव्ह बॉक्समध्ये टाकतात आणि पहिल्या बिघाडाला उघडतात. ती आधी वाचा. मुदत आणि किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल ते धरलं जातं; मारुतीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटर केली, इतरांच्या अटी वेगवेगळ्या आहेत. टायर आणि बॅटरीची वॉरंटी सहसा ते बनवणाऱ्या कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नाही. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर, बल्ब ही झिजणारी मंडळी बहुधा बाहेरच. उंदराने कुरतडलेली वायर, पाणी शिरून बसलेलं इंजिन, भेसळीचं इंधन यांतलं काही 'उत्पादनातला दोष' ठरत नाही.

मग 'कंपनीचे नसलेले भाग' आणि 'बदल' या शब्दांचं कलम शोधा. तिथे 'त्यामुळे झालेला बिघाड' अशी मर्यादा घातली आहे का ते बघा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात याच मुद्द्याला हात घातला होता: बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, सदोष कामामुळे जितकं नुकसान झालं तितक्यापुरतीच ती नाकारावी. या आदेशावर पुढे अपिलं झाली, त्यामुळे तो ब्रह्मास्त्र समजून काउंटरवर आपटू नका. पण 'सगळी वॉरंटी गेली' असं कुणी तोंडी सांगितलं, तर 'कोणत्या भागाची, कोणत्या कलमाखाली, लेखी द्या' एवढं शांतपणे म्हणायला तो पुरेसा आधार आहे.

पायरी २: पासिंगच्या आधी गाडी बघा

गाडी तुमच्या नावावर पासिंग झाली की ती बदलून मिळणं जवळपास अशक्य. म्हणून यार्डात जाऊन, दिवसाउजेडी, न धुतलेली गाडी बघा. चॅसी नंबरातलं दहावं अक्षर बहुतेक गाड्यांत वर्ष सांगतं: आर म्हणजे २०२४, एस म्हणजे २०२५, टी म्हणजे २०२६. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३२५ असेल तर २०२५ सालचा तेविसावा आठवडा. चार टायर आणि स्टेपनी यांत फार फरक असेल तर कारण विचारा. बॉनेटचे बोल्ट फिरवल्याच्या खुणा, दारांच्या फटींतलं अंतर आणि काचांवरचे कोड एकसारखे आहेत का, एवढं पुरे.

याच वेळी ॲक्सेसरीजचं पॅकेज येतं. ते घ्यायची सक्ती नसते, विमा त्यांच्याचकडून घ्यायचीही नसते. घ्यायचंच असेल तर प्रत्येक वस्तू कंपनीची अस्सल आहे की डीलरने बाजारातून आणलेली आहे, हे बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. कंपनीचा पार्ट नंबर असलेल्या वस्तूची जबाबदारी कंपनी घेते. डीलरने आणलेल्या वस्तूची घेईलच असं नाही, मग ती शोरूमच्या आवारात बसवलेली का असेना. अंडरबॉडी कोटिंग, म्हणजे गाडीच्या पोटाला फवारलेला गंजरोधक थर, तर मी पुण्यात राहणाऱ्याला सुचवणारच नाही. कोकणात किंवा गोव्यात समुद्राजवळ गाडी उभी राहत असेल तर विचार करा, पण फवारताना पाणी निचरायची भोकं, सायलेन्सर आणि सेन्सर झाकले गेले नाहीत ना, हे लिफ्टवर गाडी असतानाच खालून बघा.

पायरी ३: पहिल्या सर्व्हिसपर्यंत गाडी आहे तशीच चालवा

लिंबू चिरडा, नारळ फोडा, पेढे वाटा. त्यापलीकडे पहिले १००० किलोमीटर मॅट्सशिवाय काही बसवू नका. कारण साधं आहे: गाडीचे स्वतःचे दोष याच काळात वर येतात. डॅशबोर्डची करकर, एका बाजूला ओढणं, एसीचा वास, ब्लूटूथचं तुटणं. आधीच स्टिरिओ बदलला असेल तर करकर कुणाची, हे सिद्ध करत बसाल.

चालवताना एकाच वेगाने तासन्‌तास जाऊ नका, ॲक्सिलरेटर मुळापर्यंत दाबू नका, आणि पाच माणसं व भरलेली डिकी घेऊन लगेच आंबोली किंवा वरंधा घाट चढायला काढू नका. इंजिनाइतकेच ब्रेक आणि टायरही नवे असतात. पहिले दोन-तीनशे किलोमीटर ब्रेक थोडे सैल वाटतात, तेव्हा पुढच्या गाडीपासून अंतर राखा.

पहिल्या सर्व्हिसला तक्रार जॉब कार्डवर स्वतःच्या शब्दांत लिहायला लावा. ॲडव्हायझर 'जनरल चेकअप' लिहून मोकळा होतो. त्याऐवजी 'थंड इंजिनावर डावीकडे वळताना पुढून कट्कट् आवाज' असं लिहिलं गेलं पाहिजे, आणि त्याची प्रत तुमच्याकडे राहिली पाहिजे. तीच तक्रार तीन जॉब कार्डांवर तारखांसह असली, की 'गाडीत दोषच नाही' असं म्हणणं कुणालाही अवघड जातं. मुदत संपल्यावरसुद्धा.

पायरी ४: वायरिंग, म्हणजे जिथे खरी वॉरंटी जाते

इथे जरा थांबू, कारण बाहेरच्या कामांतली निम्मीअधिक भांडणं याच जागी होतात. नियम एकच: कपलर टू कपलर, म्हणजे वायरच्या टोकाचा तयार प्लग दुसऱ्या तयार प्लगमध्येच बसला पाहिजे. मूळ हार्नेसची (गाडीतल्या वायरींच्या तयार जुडग्याची) एकही वायर न कापता, न सोलता, न टोचता जे बसतं ते बसवा. वरच्या व्हेरियंटमधला कंपनीचा स्टिरिओ, रिव्हर्स कॅमेरा, फॉग लॅम्प यांचे कपलर कित्येकदा खालच्या व्हेरियंटमध्येही डॅशबोर्डमागे किंवा बंपरमागे गुंडाळून ठेवलेले असतात, कारण कंपनीला दोन हार्नेस बनवण्यापेक्षा एकच परवडतो. प्रत्येक मॉडेलमध्ये असेलच असं नाही. वायरमनला पॅनेल उघडून आधी दाखवायला सांगा, पैसे नंतर ठरवा. बाहेरचा स्टिरिओ घ्यायचा तर त्या मॉडेलचं तयार हार्नेस मिळतं. 'हार्नेस कशाला, मी जोडून देतो' म्हणणाऱ्या दुकानातून सरळ बाहेर पडा.

हेडलाइटचं बघा. एच४ हॅलोजन बल्ब ६०/५५ वॅटचा असतो. हाय बीमला १२ व्होल्टवर एका बल्बला ५ अँपिअर लागतात. दुकानदार १००/९० वॅटचा देतो, तो ८ अँपिअरच्या वर खेचतो. वायर, होल्डर आणि प्लास्टिकचा रिफ्लेक्टर मात्र जुन्याच हिशोबाने बनवलेले. रिले (बॅटरीतून थेट वीज देणारा स्विच) लावला की वायरवरचा भार कमी होतो, रिफ्लेक्टरची उष्णता कमी होत नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब खुपसला तर वीज कमी लागते, पण प्रकाश नको तिथे फेकला जातो आणि समोरचा आंधळा होतो. माझं मत: आधी हेडलाइटचा झोत योग्य उंचीला लावून घ्या, काच स्वच्छ ठेवा, त्याच वॅटचा चांगल्या कंपनीचा बल्ब घ्या. तेवढ्याने भागत नसेल तर कंपनीचे फॉग लॅम्प.

डॅशकॅम मी प्रत्येकाला घ्यायला सांगतो. बारा व्होल्टच्या सॉकेटला लावला तर कुठलाच प्रश्न येत नाही. गाडी उभी असताना रेकॉर्डिंग हवं असेल तर फ्यूज बॉक्समध्ये फ्यूज टॅप वापरून जोडायचा. त्यात मूळ फ्यूज आणि नवा फ्यूज दोन्ही राहतात, वायर कापावी लागत नाही. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिन कंट्रोलचा फ्यूज कधीही निवडू नका. आता बॅटरीचा हिशोब: असा कॅमेरा साधारण ०.३ अँपिअर खात असेल तर दिवसाला ७ अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी ३५ च्या आसपास. गावाला गेलात आणि गाडी तीन-चार दिवस सोसायटीत उभी राहिली की संपलं. म्हणून व्होल्टेज पडल्यावर आपोआप बंद होणारं किट घ्या. आणखी एक, हे वायरमनसुद्धा विसरतात: सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर सेन्सर असतो. अर्थिंग थेट टर्मिनलला न देता बॉडीवरच्या बोल्टला द्यायचं, नाहीतर सेन्सरचा हिशोब चुकतो.

पायरी ५: टायर आणि अलॉय

खालच्या स्विफ्टला १६५/८० आर १४ टायर येतात, वरच्या व्हेरियंटला १८५/६५ आर १५. पहिल्याचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर, दुसऱ्याचा ६२१.५. फरक जेमतेम ०.३ टक्के, म्हणून स्पीडोमीटर दोन्हींत तोच चालतो. हिशोब असा: रुंदीला टक्केवारीने गुणा, दुप्पट करा, रिमचे इंच गुणिले २५.४ त्यात मिळवा. आता दुकानदार म्हणतो १९५/६५ आर १५ घ्या, भारदस्त दिसतात. व्यास होतो ६३४.५, म्हणजे मूळच्यापेक्षा २.४ टक्के जास्त. मूळ टायरवर मीटर शंभर दाखवायचं त्या वेगापेक्षा आता गाडी शंभरावरच सव्वादोन-अडीचने जोरात पळेल, पिकअप मंदावेल, आणि पूर्ण वळवल्यावर चाक आतल्या लायनरला घासण्याची शक्यता वाढेल.

सगळ्यात सुरक्षित वाट म्हणजे त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटचा साइज, शक्य तर कंपनीच्याच रिमसह. तो साइज मालकाच्या पुस्तिकेत छापलेला असतो, त्यामुळे सस्पेन्शनच्या तक्रारीला टायरचं निमित्त मिळत नाही. स्टीलचेच रिम ठेवायचे असतील तर १८५/७० आर १४ चा व्यास ६१४.६ येतो, तोही एक टक्क्याच्या आतल्या फरकात बसतो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका: ८५ म्हणजे एका टायरवर ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०.

बाहेरचे अलॉय घेताना फक्त नटांचं अंतर जुळून भागत नाही. मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर रिंग टाकून घ्या, नाहीतर ऐंशीच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं आणि मग बॅलन्सिंगवर बॅलन्सिंग चालू राहतं. ऑफसेट बदलून चाकं बाहेर काढली की दिसायला रुबाब येतो, पण व्हील बेअरिंगवरचा भार बदलतो; बेअरिंग गेलं तर वॉरंटीत कुणी घेणार नाही. मूळ चाकं लगेच विकू नका.

पायरी ६: एअरबॅगच्या आड काही येऊ देऊ नका

सहा एअरबॅगवाल्या गाडीत बाजूची एअरबॅग बहुधा सीटच्या पाठीतच असते. सीट कव्हरवाल्याला ते सांगा. त्या बाजूची शिवण दाबाने फाटणारी हवी किंवा ती जागा उघडी हवी. जाड चामडी कव्हर चारी बाजूंनी शिवून आवळलं, तर एअरबॅग आतच अडकू शकते. डॅशबोर्डवर डावीकडे गणपती चिकटवण्याची हौस समजते, पण प्रवाशाच्या एअरबॅगचं झाकण तिथेच असतं आणि ती सेकंदाच्या अगदी छोट्या अंशात उघडते. मूर्ती मध्यभागी, झाकणापासून दूर बसवा.

एडीएएस (कॅमेरा-रडारने ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा) असेल तर आरशामागचा कॅमेरा आणि पुढच्या ग्रिलमागचा रडार यांच्यासमोर डॅशकॅम, स्टिकर, जाळी, जास्तीचा दिवा असं काही नको. काच बदलली तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन करून घ्यावं लागतं. उंची वाढवणारे स्प्रिंग स्पेसर टाकले तर कॅमेऱ्याचा कोन बदलतो, हे स्पेसर विकणारा सांगत नाही.

ड्रायव्हरकडे एकावर एक मॅट कधीही नको. कंपनीचा हूक अडकलेला असावा आणि क्लच पूर्ण खाली जायला हवा.

सीएनजी आणि इंजिनाची कामं

सीएनजी हवा असेल तर कंपनीची सीएनजी गाडीच घ्या. नव्या पेट्रोल गाडीत बाहेरून किट टाकणं मान्यताप्राप्त किट आणि अधिकृत केंद्र असेल तर कायदेशीर आहे. आरसीवर नोंद लागते, विम्यात नोंद लागते, सिलिंडरची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) लागते. पण इंजिन, इंजेक्टर आणि वायरिंग या तिन्हींना एकदम हात लागतो. वॉरंटीच्या दृष्टीने याहून मोठा बदल नाही.

ईसीयू रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं), ट्यूनिंग बॉक्स, मोठा सायलेन्सर: वॉरंटी संपेपर्यंत विसरा. 'सर्व्हिसच्या आधी मूळ फाईल परत टाकून देतो' असं सांगणारे भेटतात, पण ईसीयूला किती वेळा हात लागला याच्या खुणा मागे राहू शकतात आणि कंपनीचं यंत्र त्या वाचू शकतं.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवर नोंदलेली वैशिष्ट्यं कंपनीच्या मूळ वैशिष्ट्यांपासून बदलता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ प्रमाणे बेकायदा बदलाला प्रत्येकी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी बंपर गार्डविरुद्ध कारवाई करा, असं केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं. ते गार्ड धक्क्याचा जोर थेट चॅसीपर्यंत पोचवतं, आणि एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाजही बिघडवू शकतं. वेगवेगळे सूर काढणारे आणि प्रेशर हॉर्न चालत नाहीत. पूर्ण गाडीचा रंग बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी, मग आरसीवर नोंद.

काचांचं थोडं गुंतागुंतीचं आहे. पुढची-मागची काच किमान ७० टक्के आणि बाजूच्या किमान ५० टक्के प्रकाश आत येऊ देणाऱ्या हव्यात. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालात बाहेरून फिल्म चिकटवायलाच मनाई केली. नंतर केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० बदलला आणि २०२४ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या मर्यादेतल्या प्रमाणित फिल्मला वाव दिला. पण चौकातला हवालदार निकाल वाचत बसत नाही. उन्हाचा त्रास असेल तर काढता येणारी जाळी उभ्या गाडीला लावा.

पायरी ७: विमा कंपनीला कळवा

वॉरंटीची काळजी करणारे विम्याला विसरतात, आणि रक्कम तिथे जास्त असते. इलेक्ट्रिकल ॲक्सेसरीजसाठी मोटार विम्यात वेगळी नोंद होते, तिचा ठरलेला हप्ता किमतीच्या ४ टक्के. ४०,००० चा स्टिरिओ आणि कॅमेरा असेल तर १६०० रुपये अधिक जीएसटी. अलॉयसारख्या वस्तूही बिलासह पॉलिसीत दाखवता येतात. नोंदच नसेल तर चोरी किंवा अपघातात त्यांचे पैसे मागता येत नाहीत.

पावसाळ्यासाठी विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे पाणी शिरून इंजिन बिघडल्यास भरपाई देणारं जादा कव्हर, घ्या. पाण्यात गाडी बंद पडली की पुन्हा स्टार्टर मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाजूला घ्या, फोटो काढा, टो मागवा. आणि शेताजवळ किंवा जुन्या वाड्याजवळ गाडी उभी राहत असेल तर उंदीर हा वायरमनपेक्षा मोठा शत्रू आहे: एसीच्या हवेच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा, इंजिनाशेजारी तंबाखूची पुरचुंडी ठेवतात तीही चालेल, आणि दर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून बघा. गाडीत शेंगदाणे सांडू देऊ नका.

क्लेम नाकारला तर

आधी ॲडव्हायझर, मग वर्क्स मॅनेजर, मग कंपनीचा ग्राहक कक्ष, हे सगळं ईमेलवर. फोनवर बोलणं झालं तर 'आज आपलं असं बोलणं झालं' असा मेल त्याच दिवशी टाका. बाहेरचं काम केलेलं असेल तर लपवू नका; बिल जोडा आणि त्या कामाचा या बिघाडाशी संबंध काय, हे त्यांना तांत्रिक कारणासह लिहायला सांगा. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण तोंडी नकार देणं सोपं आणि सहीनिशी कारण देणं जड.

तरीही हलले नाहीत तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार तिथेच चालते. ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये शुल्क, १० ते २० लाखांना ४००. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावी लागते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे ती तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही करता येते: गाडी कोल्हापुरात घेतलेली असली तरी रत्नागिरीच्या माणसाला घाट चढून तारखांना जावं लागत नाही. तक्रारीला जॉब कार्डांच्या प्रती, ईमेल, पॉलिसी आणि प्रत्येक बाहेरच्या कामाचं बिल तारखेच्या क्रमाने जोडा.